मूळ पगारावर अकरा वर्षं

कांताबाई सोनकांबळे आमच्या ऑफिसात अकरा वर्षं अधीक्षक होत्या. कागदावर मात्र एक दिवसही नव्हत्या. कागदावर त्या वरिष्ठ लिपिक, आणि पगारही वरिष्ठ लिपिकाचाच. अधीक्षकाची जागा रिकामी आणि तिचं सगळं काम यांच्या गळ्यात. सरकारी भाषेत अशा माणसाला प्रभारी म्हणतात. घरचे त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

ऑफिस भाईंदरचं, जमिनीचे नकाशे आणि उतारे देणारं. खात्याचं नाव विचारू नका. माझी अजून सतरा वर्षं नोकरी राहिली आहे आणि ती मला सुखाने करायची आहे.

मी मृणालिनी. २००७ साली कनिष्ठ लिपिक म्हणून इथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आम्ही मूळचे गिरगावातले, मी शाळेत असताना मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलेलो. गिरगाव सोडल्याचा राग आई आमच्यावर अजून काढते. पहिल्या दिवशी मी ऑफिसात शिरले तर समोर एक ठेंगणी, सावळी बाई उभी राहून तीन माणसांशी तीन भाषांत बोलत होती. मोरव्याच्या म्हाताऱ्याशी मराठी, बिल्डरच्या माणसाशी हिंदी आणि बाकावर टेकलेल्या शेठजींना मधूनच गुजरातीत ‘बेसो, बेसो’. ते तिघं मार्गी लागल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नवीन का? डबा आणलाय ना?” माझ्या सरकारी नोकरीची सुरुवात अशी झाली.

आमच्याकडे अधीक्षकाची खुर्ची होती, हिरव्या रेक्झिनची, गोल फिरणारी. बाईंनी ती भिंतीला लावून ठेवलेली. टेबल अधीक्षकाचं वापरायच्या, पण बसायच्या स्वतःच्या जुन्या लाकडी खुर्चीवर. एका हाताला टेकू नव्हता तिच्या. मी महिन्याभराने धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “ती अधीक्षकांची आहे. मी नुसतं काम बघायलेय.” बाई नांदेडकडच्या. इतकी वर्षं भाईंदरात काढली, तरी ते ‘बघायलेय, करायलेय’ काही गेलं नाही. रागावल्या की तर जास्तच यायचं.

हे नुसतं काम बघणं म्हणजे काय होतं ते सांगते. सकाळी साडेनवाला ऑफिस उघडायचं, मोजणीच्या तारखा लावायच्या, नकाशाच्या प्रत्येक नकलेवर डोळ्यात तेल घालून नजर फिरवायची, दोन भावांची बांधावरून जुंपली तर मध्ये उभं राहायचं, ऑडिट आलं की तोंड द्यायचं, आणि साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेले की (ते बहुतेक वेळा गेलेलेच असायचे) अख्खं ऑफिस सांभाळायचं. दिवसाला शंभरेक कागदांवर ‘अधीक्षक’ असा शिक्का पडायचा. बाई प्रत्येक शिक्क्याच्या वर निळ्या पेनने ‘प्रभारी’ लिहायच्या. एकदा मी म्हटलं, बाई, तेवढाही एक शिक्का बनवून घेऊ. तर म्हणाल्या, कशाला, आज ना उद्या कोणीतरी येईलच की त्या जागेवर.

कोणी आलं नाही. लोकांना तर आणखी कोणी यावं असं वाटतही नव्हतं. मोरव्याचे धर्माजी नावाचे एक म्हातारे होते, मिठागराला लागून त्यांची थोडी जमीन. त्यांचं प्रकरण नऊ वर्षं चाललं. एकदा साहेब चुकून जागेवर होते आणि त्यांनी धर्माजींना स्वतःहून आत बोलावलं. म्हातारा दारातच अडला.

“सायब कोन ते मना म्हाईत न्हाय,” ते म्हणाले. “मना मोठ्या बाईंशी बोलायचा हाय.”

आम्ही सगळ्यांनी रजिस्टरात तोंड खुपसून हसून घेतलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी धर्माजींना हाताला धरून आत साहेबांकडे नेलं, शेजारी उभ्या राहिल्या, आणि प्रकरण तोंडपाठ सांगितलं. साहेब नुसते मान हलवत होते.

तेव्हाचं भाईंदर आठवलं की मला अजून बरं वाटतं. खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. दुपारी वीज गेली की आम्ही टाईपरायटर सोडून डबे उघडायचो. बाईंच्या डब्यात ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी आणि कांदा ठरलेला. भाकऱ्या त्या चार आणायच्या, खायच्या दीड. बाकीच्या आमच्यासाठी. त्यांचे यजमान वाल्मिकभाऊ भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. त्या भुकटीने त्यांची छाती गेली, मग घर बाईंच्या एकटीच्या पगारावर आलं. इंद्रलोकमध्ये वन रूम किचन घेतलं होतं त्याचा हप्ता, मुलीचं कॉलेज, औषधं. अधीक्षकाचा पगार असता तर किती फरक पडला असता हे बाईंनी कधी बोलून दाखवलं नाही. मी एकदा मनातल्या मनात हिशेब केला आणि मलाच राग आला. त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही मागत का नाही? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात टाकला आणि म्हणाल्या, “जेव गप.”

काम मात्र त्यांनीच शिकवलं मला. टिपणी कशी लिहायची, मसुदा कसा करायचा. मसुदा म्हणजे साहेबांच्या सहीने जायच्या पत्राचं कच्चं लिखाण. बाईंचा नियम एकच होता. जुनी फाईल काढ, मागचा मसुदा पुढ्यात ठेव, मग पेन उचल. स्वतःच्या मनाचं काही लिहायचं नाही. मी तो नियम आजही पाळते आणि पाळताना त्यांची फार आठवण येते.

२०१७ साली बाई निवृत्त झाल्या. निरोपाला साहेब बोलले, “आमच्या वरिष्ठ लिपिक श्रीमती सोनकांबळे यांनी...” पुढचं मी ऐकलंच नाही, कान तापले माझे. पेन्शनच्या कागदावरही तेच, वरिष्ठ लिपिक. बाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि रिक्षात बसून इंद्रलोकला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने त्यांच्या टेबलाकडे पाहिलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन डोळे धुतले.

त्यांच्यानंतर दोन खरे अधीक्षक आले नि गेले. जागा पुन्हा रिकामी झाली आणि कार्यभार कोणाकडे आला असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. माझ्याकडे. मूळ पगारावर.

तर, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंची मुलगी संघप्रिया आता बँकेत असते. तिथे वरच्या जागेचं काम केलं की त्याचा भत्ता मिळतो, हे तिला स्वतःच्या पगारात दिसलं आणि तिचं डोकं फिरलं. तिने आईच्या नावाने अर्ज लिहिला. अकरा वर्षं अधीक्षकाचं काम केलं, त्या पदाच्या पगारातला फरक द्या. अर्ज द्यायला बाई स्वतः आल्या. आवकच्या टेबलासमोर रांगेत उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या मागे. मी धावत गेले, म्हटलं, बाई, आत चला. नाही आल्या. पोच घेतली, तारीख तपासली, मग माझ्यापाशी बसल्या.

“पोरीनं लई डोकं खाल्लं म्हणून आले,” त्या म्हणाल्या. “पैसे दिले तर दिले. पण मृणाल, मला एक कागद पाहिजे गं. सरकारनं लिहिलेला. की या बाईनं अधीक्षकाचं काम केलं. बस्स. मी मेल्यावर पोरीला दाखवता यावा कोणाला.”

बाईंनी माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

अर्ज जिल्हा कार्यालयात गेला आणि चार महिन्यांनी फिरून खाली आला, थेट माझ्याच टेबलावर. सोबत पत्र. कार्यभाराचे सर्व आदेश तपासावेत. आदेशात अतिरिक्त वेतन नाकारलेले असल्यास अर्ज आपल्या स्तरावर निकाली काढावा. निकाली काढणे म्हणजे केराची टोपली, हे सांगायला नको.

मी रेकॉर्डमधून फाईल काढली. कार्यभाराचा आदेश दर अकरा महिन्यांनी नव्याने काढायचा असतो, म्हणजे अकरा वर्षांत बारा आदेश. सगळ्यात वर शेवटचा. तो वाचला. ‘श्रीमती सोनकांबळे या मूळ वेतनावर अधीक्षक पदाचा कार्यभार पाहतील. त्यापोटी त्यांना कोणतेही अतिरिक्त वेतन देय राहणार नाही.’ आणि मसुद्याच्या कडेला, जिथे लिहिणाऱ्याची आद्याक्षरं असतात तिथे, निळ्या पेनने ‘कां. सो.’

त्याच्या खालचा आदेश. तीच ओळ, तीच आद्याक्षरं. त्याच्या खालचा. पुन्हा तेच.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण आमच्याकडे आदेश काढणं हे आस्थापनेच्या, म्हणजे नेमणुका-पगाराचे कागद बघणाऱ्या टेबलाचं काम, आणि ते टेबल बाईंचंच. म्हणजे स्वतःच्या आदेशाचा मसुदा स्वतःच लिहायचा. पहिला मसुदा त्यांनी कुठल्यातरी जुन्या अधीक्षकाच्या प्रकरणावरून घेतला असणार, आणि पुढचे प्रत्येक वेळी मागचा पुढ्यात ठेवून. आपल्याला पैसे नाहीत हे वाक्य त्या दर अकरा महिन्यांनी नीट, शुद्ध, एकही खाडाखोड न करता लिहीत राहिल्या. कोणी बळजबरी केली नव्हती. साहेबांनी तर वाचलंही नसेल. मला इतकी चीड आली की फाईल आपटावीशी वाटली. कोणावर चिडायचं ते मात्र कळेना.

मी उलटत खाली खाली गेले. नऊ, आठ, सात. प्रत्येकात ती ओळ. तळाशी पोचता पोचता दुसऱ्या आदेशावर माझा हात थांबला. पाच ओळींचा आदेश. कार्यभार पाहतील, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, सही, संपलं. वेतनाबद्दल अवाक्षर नाही. कडेला आद्याक्षर ‘मृ.’

माझंच.

मग सगळं आठवलं. मला लागून दोन महिने झाले होते. बाईंची आई शेवटच्या आजारात, म्हणून त्या वीस दिवस गावी गेलेल्या. आदेशाची मुदत संपत आली, साहेब मला म्हणाले, काढ गं तू. जुनी फाईल कुठे ठेवतात तेच मला ठाऊक नव्हतं. मी कोऱ्या कागदावर मनाने पाच ओळी लिहिल्या आणि साहेबांनी सही ठोकली. बाई आईचं सगळं आवरून परत आल्या, आदेश वाचला, आणि सगळ्यांदेखत मला फैलावर घेतलं.

“आर्धाच आदेश काढलास तू! अतिरिक्त वेतनाची ओळ कुठंय? जुना मसुदा बघायला काय झालं होतं?”

मी नकाशांच्या कपाटामागे जाऊन रडले. थोड्या वेळाने बाई तिथे आल्या. “रडायलीस कशाला? चूक झाली तर दुरुस्त करू,” म्हणाल्या, आणि खरंच शुद्धिपत्रक काढायला बसल्या. पण तेवढ्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, राहू द्या हो, एवढ्यातेवढ्यासाठी. म्हणून ते राहिलं.

मी अहवाल लिहायला घेतला. अकरा आदेशांबद्दल जे खरं ते लिहिलं, आणि हेही लिहिलं की काम पूर्ण घेतलं असेल तर वेतन नाकारणं न्यायाचं नाही. दुसऱ्या आदेशाबद्दल वेगळा परिच्छेद केला. त्यात वेतन नाकारलेलं नाही, सबब त्या मुदतीचा फरक देणं क्रमप्राप्त आहे. ‘क्रमप्राप्त’ हा शब्द बाईंचा आवडता. जिल्ह्याने तीन वेळा शंका काढून फाईल परत पाठवली. तिन्ही वेळा मी स्वतः घेऊन गेले. तिथल्या लिपिकाला मी दिसले की त्याचा चहा थंड व्हायचा. दीड वर्षाने आदेश आला. अकरा आदेशांचा दावा अमान्य, दुसऱ्या आदेशाचा मान्य. अकरा वर्षांतले अकरा महिने.

तो कागद मी पोस्टाने पाठवला नाही. गेल्या मार्चमधल्या एका रविवारी रिक्षा करून इंद्रलोकला गेले. वाल्मिकभाऊंचा फोटो भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. संघप्रियाने कागद आधी वाचला आणि भडकली.

“अकरा महिने? मावशी, ये क्या मजाक है? त्यापेक्षा नाही म्हणाले असते तर बरं होतं.”

बाईंनी तिच्या हातून कागद घेतला. चष्मा लावला. एकेका शब्दाखाली बोट धरून वाचू लागल्या, आणि एका जागी बोट थांबलं. ‘श्रीमती कांता सोनकांबळे, तत्कालीन प्रभारी अधीक्षक, यांनी उक्त कालावधीत अधीक्षक पदाची सर्व कर्तव्ये पार पाडली असून...’ त्यांनी ते परत वाचलं. मग मला म्हणाल्या, तू वाच मोठ्यानं. मी वाचलं.

“हे कोणत्या आदेशाचं?” बाईंनी विचारलं.

“दुसऱ्या. मी काढलेला तो. ज्याच्यावरून तुम्ही मला रडवलं होतं.”

बाई खूप हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग हसता हसता थांबल्या.

“आणि बाकीचे?”

मला खोटं बोलता आलं नाही. “त्यांच्यात ती ओळ आहे, बाई. मसुदे तुमचे आहेत.”

बाईंनी कागद खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. “म्हणजे साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणत होते मला, नाही. दरसाल. आणि तू एकदा चुकलीस तर तुलाच बोलले.”

मी त्यांच्याजवळ सरकून बसले. मलाही रडू येत होतं आणि मी रडले. संघप्रिया आत जाऊन चहा टाकते म्हणाली, पण बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.

चहा पिऊन झाल्यावर बाईंनी एकदम विचारलं, “तुझा आदेश कधी संपायलाय?”

“एकतीसला.”

“मसुदा कोण लिहिणार?”

“मीच की. दुसरं कोण आहे?”

“लिहिलास?”

लिहिला होता. मागचा मसुदा पुढ्यात ठेवून, त्या ओळीसकट. बाईंचा अर्ज दीड वर्ष वाहून नेला, तिकडे भांडले, आणि स्वतःच्या आदेशात तीच ओळ मुकाट्याने उतरवली. मला बाईंकडे बघायची लाज वाटली. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं.

“संघू, कागद आण कोरा,” त्या म्हणाल्या. “आणि पेन.”

जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून त्या ताठ बसल्या आणि लिहू लागल्या. ना जुनी फाईल, ना मागचा मसुदा. ‘श्रीमती मृणालिनी... यांच्याकडे अधीक्षक पदाचा कार्यभार सोपविण्यात येत असून, त्या कालावधीत त्या पदाचे वेतन त्यांना देय राहील.’ दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम घातला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

आता आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर असतं, हाताचा मसुदा कोणी लावत नाही. मी तो टाईप केला नाही. तसाच फाईलला लावला आणि सोमवारी साहेबांपुढे ठेवला. साहेब नवे, पुण्याहून आलेले, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी मसुदा वाचला. शेवटची ओळ परत वाचली.

“हे अक्षर तुमचं नाही मॅडम. कोणाचं आहे?”

“अधीक्षकांचं, साहेब.”

त्यांनी मान वर केली. “अधीक्षकांचं पद तर रिक्त आहे ना?”

“आत्ता आहे,” मी म्हटलं. “मध्ये अकरा वर्षं नव्हतं.”